व्हॅन परत करण्याआधीचे तीन दिवस : ग्रेट ओशन रोड ते मेलबर्न

ऑस्ट्रेलियात कॅम्परव्हॅन घेऊन फिरायला निघालेली आपली मंडळी पहिल्या आठवड्याचा तक्ता तासातासाचा करतात. शेवटचे तीन दिवस मात्र 'तेव्हाचं तेव्हा बघू' यावर सोडलेले असतात. पैसे नेमके तिथेच जातात. टाकी रिकामी केली नाही म्हणून, डिझेल कमी म्हणून, उशीर झाला म्हणून, कुठल्याशा पुलावर टोल भरला नाही म्हणून. रकमा सुट्या सुट्या छोट्या वाटतात, पण बिल एकत्र येतं.

खालचं सगळं ॲडलेडकडून माउंट गँबियर, वॉर्नाम्बूलमार्गे मेलबर्नला येऊन व्हॅन परत करणाऱ्यांसाठी आहे. तुमचा मार्ग वेगळा असला तरी टाक्या, गॅस, ताबा आणि विमानतळ ही प्रकरणं तशीच लागू पडतील.

हाताशी काय ठेवायचं

- भाड्याचा करार (फोनमध्ये उतरवून ठेवा, किनाऱ्यावर बराच वेळ नेटवर्क नसतं)
- व्हॅन घेतानाचे फोटो आणि सामानाची यादी
- डिपॉझिट ज्या क्रेडिट कार्डावर घेतलं ते कार्ड
- शेवटच्या पंपाची पावती
- तीनशे डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदीच्या पावत्या (कशासाठी, ते पुढे येईल)
- रबरी हातमोजे, जुनी फडकी, केराच्या मोठ्या पिशव्या, खाण्याचा सोडा

१. आधी डेपोची वेळ बघा, मग मुक्काम ठरवा

नियोजन उलट्या दिशेने करा. व्हॅन परत घेणारे डेपो हॉटेलसारखे चोवीस तास उघडे नसतात. दुपारी चार-साडेचारला शटर ओढणारे बरेच आहेत, रविवारी आणि सणासुदीला वेळ आणखी कमी. व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याच्या, सुट्ट्या आपल्या कॅलेंडरवर नसतात. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीसाठी, मेलबर्न कपसाठी, शहराला सुट्टी असते. मार्चच्या दुसऱ्या सोमवारी लेबर डे असतो. त्याच शनिवार-रविवारला जोडून पोर्ट फेअरीला लोकसंगीताचा महोत्सव भरतो आणि त्या बाजूची कॅम्पिंगची जागा कित्येक महिने आधी संपलेली असते.

घड्याळाचाही एक घोळ आहे. ॲडलेड, माउंट गँबियरचं राज्य साउथ ऑस्ट्रेलिया, व्हिक्टोरियाच्या अर्धा तास मागे चालतं. माउंट गँबियर सोडून पूर्वेकडे निघालात की अर्धा तास गेला म्हणून समजा. फोन स्वतःहून वेळ बदलतो, व्हॅनच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ बदलत नाही, आणि गाडी चालवणारा माणूस डॅशबोर्डकडेच बघतो. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दोन्ही राज्यांत घड्याळं एक तासाने मागेपुढे होतात. परतीची तारीख त्या आसपास असेल तर कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

'बंद झाल्यावर किल्ली पेटीत टाका' ही सोय काही कंपन्या देतात. माझं मत, शक्यतो घेऊ नका. अनेक करारांत लिहिलेलं असतं की सकाळी कर्मचारी तपासणी करेपर्यंत व्हॅनची जबाबदारी तुमची. रात्री कोणी आरसा तोडून गेलं तर ते तुम्ही विमानात बसल्यावर कळणार.

२. ग्रेट ओशन रोड : काय बघायचं, काय सोडायचं

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने खोदलेला हा रस्ता ॲलन्सफर्ड ते टॉर्की असा सुमारे २४० किलोमीटरचा आहे. नकाशावर एका दिवसाचा दिसतो. अवजड व्हॅन, वळणं आणि 'इथे जरा थांबूया' हे सगळं धरलं तर दोन दिवस द्या.

पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही. इथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. मेलबर्नहून निघालेल्याला समुद्र डाव्या हाताला, म्हणजे आपल्याच बाजूला मिळतो. तुम्ही उलटे येत आहात. समुद्र उजवीकडे, त्यामुळे समुद्राकडच्या प्रत्येक थांब्याला समोरून येणारी रांग ओलांडून वळावं लागतं आणि निघतानाही तेच. लॉर्न आणि अपोलो बेच्या दरम्यान सुट्टीच्या दिवशी हा प्रकार दमवतो. दोन-तीन थांबे निवडा, बाकीचे सोडा. मागे चार गाड्या साठल्या की हळू वाहनांसाठी बाजूला काढलेली जागा येते, तिथे डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या. इथे कोणी हॉर्न वाजवत नाही. म्हणून मागचा वैतागलेला नाही असं समजू नका.

काय निवडायचं? माझी निवड लॉक आर्ड गॉर्ज. १८७८ साली इथे जहाज फुटलं आणि चोपन्न माणसांतली दोनच वाचली. त्या अरुंद घळीत खाली उतरून वाळूवर उभं राहिलं की का, ते कळतं. ट्वेल्व्ह अपॉसल्स हे समुद्रातले उंच सुळके चुकवता येणार नाहीत, पण दिवसा तिथे मेलबर्नच्या बसगाड्यांची जत्रा असते. त्या सहसा दुपारी परत फिरतात. संध्याकाळचं ऊन पकडा. गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या उतरून गेलं तर तसेच सुळके खालून बघता येतात. मात्र भरतीच्या लाटा पायथ्यापर्यंत येतात, तेव्हा पाटी वाचून उतरा.

संध्याकाळच्या उन्हाचा मोह एका अटीवर. मुक्काम जवळ पोर्ट कॅम्पबेललाच हवा, दहा-बारा किलोमीटरवर. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. अंधारात गावाबाहेर गाडी चालवताना झालेल्या अपघाताला विमा देत नाहीत असे करार आहेत. तुमच्या करारात 'डस्क टू डॉन' हे शब्द शोधा. छताला आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान, कच्च्या रस्त्यावरचं नुकसान, हेही बहुधा विम्याबाहेर असतं. वाटेवरच्या राष्ट्रीय उद्यानातल्या काही कॅम्पसाइटचा शेवटचा तुकडा खडीचा असतो. करारात किती किलोमीटरची सूट आहे ते बघूनच आत वळा.

वेळ हातातून गेला असेल तर लेव्हर्स हिलहून गेलिब्रँडमार्गे कोलॅकला उतरा आणि प्रिन्सेस हायवेने थेट जिलॉंग गाठा. अपोलो बे, केनेट रिव्हरचे कोआला, लॉर्न, हे सगळं हुकेल. डेपो हुकणार नाही.

उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, रोज सकाळी वणव्याचे इशारे देणारं 'व्हिक इमर्जन्सी' ॲप उघडा. 'टोटल फायर बॅन' असेल त्या दिवशी शेकोटी, कोळशाची शेगडी बंद. गॅसच्या शेगडीलाही अटी आहेत, पाणी जवळ हवं, भोवती मोकळी जागा हवी. २०१५ च्या नाताळात याच रस्त्यावरच्या वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीकमध्ये ११६ घरं वणव्यात गेली, त्यामुळे इथले लोक या बाबतीत कसलीही गंमत चालवून घेत नाहीत. शेकोटी विझवताना पाणी ओता. माती टाकली तर आत निखारा तसाच धगधगतो आणि सकाळी कुणाच्या तरी पोराचा पाय त्यावर पडतो.

आणि हो, रस्त्याकडेला व्हॅन लावून झोपायचं नाही. या किनाऱ्यावर ते चालत नाही, पहाटे दंडाचा कागद लागतो.

३. शेवटचा मुक्काम : सुंदर जागा नको, सोयीची हवी

शेवटची रात्र झाडीत, समुद्राच्या कुशीत काढावी असं सगळ्यांना वाटतं. ती आदल्या रात्री काढा. शेवटच्या रात्री जिलॉंग, वेरिबी किंवा मेलबर्नच्या कडेचं एखादं कॅरव्हॅन पार्क, वीज जोडता येणारी जागा, आणि आरक्षण करताना तीन प्रश्न: डम्प पॉइंट (संडासाची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा) आहे का, कपडे धुवायचं यंत्र आहे का, सकाळी किती वाजता जागा सोडायची. दहाला सोडायची असेल आणि डेपो दुपारी तीनला असेल तर मधले पाच तास कुठे काढणार हे ठरवून ठेवा.

आपल्यापैकी अनेकांचं कोणी ना कोणी टार्नीट, पॉइंट कुक किंवा वेरिबीला राहतं. जिलॉंगकडून येताना ही उपनगरं शहराच्या आधीच लागतात. मावशीकडे जेवायला जरूर जा. उघड्या पिठाच्या पिशव्या, उरलेलं तेल, अर्धी भरलेली मसाल्याची बाटली तिथेच द्या. पण व्हॅन आवारात घेताना आधी उतरून वर बघा. कारपोर्टचं छप्पर आणि व्हॅनचं छत यांची गाठ पडली तर ते 'छताचं नुकसान' ठरतं.

४. शिधा संपवा, वास घालवा

तीन दिवस आधी फ्रीज उघडून हिशेब मांडा. नवीन काही विकत घेणं बंद. कॅरव्हॅन पार्कच्या कॅम्प किचनमध्ये बहुतेक ठिकाणी एक फळी असते, जाणारे लोक मीठ, तेल, पास्ता, काड्यापेटी ठेवून जातात आणि येणारे उचलतात. तिथे ठेवायला लाजू नका, उचलायलाही नको.

फोडणीचं काय? शेवटचे तीन दिवस व्हॅनच्या आत फोडणी देऊ नका, कॅम्प किचनमध्ये द्या. हिंग-लसणाचा वास गादीच्या कापडात आठवडाभर बसतो, आणि 'दुर्गंधी' या सदराखाली स्वच्छतेचे पैसे लावणारे करार आहेत. आपल्याला तो वास सुवास वाटतो, हा बचाव काउंटरवर चालत नाही. पांढऱ्या ओट्यावर हळदीचे डाग पडले असतील तर सोड्याची घट्ट पेस्ट लावून ठेवा, मग पुसा. कापडावर हळद असेल तर धुऊन कडक उन्हात टाका, ऊन हळदीचा पिवळेपणा खाऊन टाकतं.

रिकाम्या बाटल्या आणि कॅन फेकू नका. साउथ ऑस्ट्रेलियात १९७७ पासून आणि व्हिक्टोरियात १ नोव्हेंबर २०२३ पासून ते परत घेऊन पैसे देण्याची योजना आहे, आता प्रत्येक नगाला दहा सेंट मिळतात. डब्यावर तसं छापलेलं असतं. दुधाचे डबे चालत नाहीत. श्रीमंत होणार नाही, पण पोरांना यंत्रात एकेक बाटली सारायला फार आवडतं. राष्ट्रीय उद्यानातल्या बऱ्याच कॅम्पसाइटवर कचराकुंडीच नसते, आपला केर आपणच बाहेर न्यायचा असतो. तो शेवटच्या पार्कात टाका, डेपोच्या दारात नको.

उलट्या दिशेने, म्हणजे मेलबर्नहून ॲडलेडला व्हॅन परत करायला जात असाल तर फळमाशीचे नियम वाचल्याशिवाय हद्द ओलांडू नका. फळं, टोमॅटो, मिरच्या सीमेपूर्वी संपवा किंवा टाका. स्टर्ट हायवेवर याम्बाला आणि पर्थकडून येणाऱ्यांसाठी सिड्यूनाला तपासणी नाकी आहेत. 'विसरलो' म्हटल्याने दंड टळत नाही.

५. टाक्या

सगळ्यांना ज्याची किळस येते ते काम हेच. नीट केलं तर दहा मिनिटांत संपतं.

व्हॅनच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं दार असतं, त्यामागे संडासाची कॅसेट. सतरा-अठरा लिटरांची, म्हणजे भरलेली असेल तर पाण्याच्या बादलीपेक्षा चांगलीच जड. आत झडप बंद आहे ना, ते आधी बघा, मगच ओढा. हातमोजे घाला. डम्प पॉइंटवर नेऊन तोटीचा दांडा बाहेर वळवा, झाकण काढून बाजूला ठेवा (ते झाकण खड्ड्यात पडलं तर पडलं). ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. ते दाबलं नाही तर पाणी डचमळत, गचके देत बाहेर येतं आणि बुटांवर उडतं. रिकामी झाली की दोन-तीन लिटर पाणी घालून हलवा, परत ओता, तीनदा. तिथे धुण्यासाठी वेगळी नळी असते. पिण्याच्या पाण्याची नळी कॅसेटला कधीही लावायची नाही. मागच्या माणसाच्या चहात ते पाणी जाणार असतं.

सिंकच्या खालची सांडपाण्याची टाकी वेगळी. व्हॅनच्या बुडाशी तोटी असते, तिला नळी लावून तेही डम्प पॉइंटवरच सोडा. रस्त्याकडेची गटारं इथे पावसाच्या पाण्याची असतात आणि थेट ओढ्यात, समुद्रात जातात.

डम्प पॉइंट कुठे आहे ते 'विकिकॅम्प्स' ॲपवर दिसतं. आदल्या संध्याकाळीच उरका, सकाळी तिथे रांग असते.

कॅरव्हॅन पार्क सोडताना सर्वांत जास्त काय विसरतं? विजेची जाड केबल. ती खांबाला लावलेलीच राहते आणि गाडी निघते. व्हॅनची केबल पंधरा अँपियरची असते, घरगुती एक्स्टेन्शनसारखी स्वस्त नाही. निघण्याआधी व्हॅनभोवती एक प्रदक्षिणा: केबल, पाण्याची नळी, चाकाखालच्या पाचरी, ऑनिंग (बाजूचं कापडी छप्पर) गुंडाळलेलं, छताची खिडकी बंद, पायरी आत.

६. डिझेल, ॲडब्लू, गॅस

टाकी भरून घेतली असेल तर भरून द्या, डेपोपासून जवळच्या पंपावर, आणि पावती ठेवा. मेलबर्नमध्ये पेट्रोलचा भाव काही आठवड्यांच्या चक्रात वरखाली होत राहतो, डिझेलचा तितका नाही.

मोठ्या व्हॅनमध्ये डिझेलचा धूर स्वच्छ करणारा ॲडब्लू नावाचा द्रव लागतो. त्याचं झाकण बहुधा निळं असतं आणि अनेकदा डिझेलच्या तोंडाशेजारीच. शेवटच्या दिवशीच्या घाईत ॲडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालू करू नका, कंपनीला फोन करा. चालू केली तर खर्च कित्येक पटीने वाढतो.

गॅसचा बाटला भरून द्यायचा की तसाच, हे करारात असतं. सुट्या ब्युटेनच्या डब्या मात्र विमानात कुठेही चालत नाहीत, हातातल्या सामानात नाही, खालच्यातही नाही. उरलेल्या कॅम्प किचनच्या फळीवर ठेवा. स्वतःची शेगडी घरी न्यायची असेल तर ती पूर्ण स्वच्छ, इंधनाचा वास नसलेली हवी आणि विमान कंपनीला आधी विचारलेलं बरं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

७. मेलबर्नमध्ये शिरताना

जिलॉंगकडून येताना डेपो विमानतळाच्या बाजूला असेल तर वेस्टर्न रिंग रोड धरा, त्यावर टोल नाही. नकाशा मात्र तुम्हाला सिटीलिंक या महामार्गावरून नेऊ शकतो, त्यावर टोल आहे. नाक्यावर थांबून रोख देण्याची पद्धतच नाही, कॅमेरा नंबर टिपतो. गेलात तर टोल भरायच्या 'लिंक्ट' या वेबसाइटवर व्हॅनचा नंबर टाकून त्याच रात्री पास घ्या. घेतला नाही तर टोलचं बिल व्हॅनच्या कंपनीकडे जातं आणि ती त्यावर आपलं शुल्क लावते, जे टोलपेक्षा मोठं असू शकतं. सोपा उपाय म्हणजे नकाशाच्या ॲपमध्ये 'टोल टाळा' चालू करणं.

शहराच्या मध्यात व्हॅन नेऊ नका. तिथे ट्रॅम आहेत. थांब्यावर ट्रॅमची दारं उघडली की मागेच थांबायचं असतं. काही चौकांत तर उजवीकडे वळण्यासाठी सर्वांत डावीकडे उभं राहावं लागतं, त्याला हूक टर्न म्हणतात. नवख्याने साडेसहा मीटरची गाडी घेऊन तो पहिल्यांदा करून बघण्याची जागा ती नव्हे. साउथ मेलबर्नमधल्या माँटेग्यू स्ट्रीटच्या रेल्वे पुलाखाली उंचीची मर्यादा ३ मीटर आहे. इशाऱ्याच्या पाट्या असूनही उंच गाड्या तिथे अडकतच असतात, शहरात तो विनोदाचा विषय आहे. आपल्या व्हॅनची उंची आरशावर चिकटवलेली असते, ती पाठ करा. बहुमजली पार्किंगचा तर विचारच सोडा.

८. ताबा देताना

आदल्या संध्याकाळी, उजेड असताना, एक सलग व्हिडिओ काढा. चारी बाजू, चाकं, समोरची काच तिरप्या उजेडात (खडीचे बारीक टवके तेव्हाच दिसतात), फोन उंच धरून छत, मग आतून ओटा, फ्रीज, गादी, आणि शेवटी डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि डिझेलचा काटा. घेतानाच्या फोटोंशी ताडून बघा. काही तुटलं असेल तर काउंटरवर तुम्हीच आधी सांगा.

झाडून, ओटा पुसून, भांडी धुऊन, खुर्च्या मोजून द्या. बाहेरून चकाचक करायची गरज नसते, वाळू-चिखल धुतला की पुरे. स्वयंचलित कार वॉशमध्ये व्हॅन मावत नाही, हाताने धुण्याची जागा शोधा.

तपासणी होईपर्यंत तिथेच थांबा आणि 'सर्व ठीक' असा लेखी कागद किंवा ईमेल घेतल्याशिवाय टॅक्सी बोलावू नका. गर्दीच्या दिवशी 'नंतर बघून कळवतो' म्हणतात. हसतमुखाने म्हणा, 'आम्ही थांबतो.'

९. विमानतळावर

पावत्या यासाठीच जपल्या. एकाच दुकानदाराकडे, देश सोडण्यापूर्वीच्या ६० दिवसांत, एकूण ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी केली असेल तर त्यावरचा जीएसटी परत मिळतो. याला टीआरएस म्हणतात. कर किंमतीच्या अकराव्या हिश्श्याइतका असतो, म्हणजे ३३० डॉलरचा तंबू नेत असाल तर तीस डॉलर. तंबू वापरला तरी चालतो, वस्तू देशाबाहेर नेली पाहिजे. हॉटेल, डिझेल, व्हॅनचं भाडं, खाल्लेलं अन्न यावर काही नाही. १००० डॉलर किंवा त्यावरच्या पावतीवर तुमचं नाव हवं.

वस्तू हातातल्या सामानात दाखवावी लागते. तंबूचे खुंटे, चाकू, द्रवपदार्थ हातात नेता येत नाहीत, तेव्हा त्या वस्तू सामान जमा करण्यापूर्वी सीमा दलाच्या काउंटरवर दाखवून पावतीवर शिक्का घ्या. विमानाच्या ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी खिडकीवरचे दावे बंद होतात आणि भारताकडच्या विमानांच्या वेळी रांग लांब असते.

शिंपले, पोवळ्याचे तुकडे, पिसं पिशवीत असतील तर काढून टाका. ट्वेल्व्ह अपॉसल्सचा परिसर सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून शिंपला उचलणंही नियमाबाहेर आहे.

१०. घरी पोहोचल्यावर

डिपॉझिट दोन प्रकारे घेतात. कार्डावर नुसतं अडकवून ठेवलं असेल तर ते काही दिवसांत आपोआप सुटतं. खरोखर वळतं केलं असेल तर परत येताना त्या दिवसाचा विनिमय दर लागतो आणि काही रुपये कमी-जास्त दिसतात, त्यावर बँकेशी भांडू नका. मात्र बरेच दिवस काहीच दिसलं नाही तर 'सर्व ठीक'चा तो ईमेल जोडून कंपनीला लिहा.

वेगाचा किंवा फोन हातात धरल्याचा दंड नंतर येतो. व्हिक्टोरियात फोन आणि सीटबेल्ट टिपणारे कॅमेरेही आहेत. दंडाची नोटीस आधी व्हॅनच्या मालकाला जाते, तो तुमचं नाव कळवतो, त्याचं वेगळं शुल्क कापतो, आणि मग कागद तुमच्या ईमेलवर येतो. म्हणून ते क्रेडिट कार्ड लगेच बंद करू नका आणि करारावर दिलेला ईमेल दोन-तीन महिने उघडत राहा.